काळं रान, मुरूम आणि फुफाटा : सोलापुरात अ‍ॅडव्हेंचर बाइक शिकताना

२०२१ च्या सप्टेंबरात मंगळवेढ्याच्या अलीकडे एका पाणंद रस्त्यावर माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन बाइक जागच्या जागी थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, मागचं चाक गरगर फिरतंय, पण पुढचं चाक काही केल्या हलेना. उतरून पाहिलं तर मडगार्ड आणि टायरच्या मध्ये काळी माती इतकी गच्च बसली होती की बोट घालायला फट नव्हती. बाभळीच्या काटकीने ती उकरायची, चार पावलं ढकलायचं, की पुन्हा तेच. अर्ध्या तासाने शेजारच्या रानातले एक आजोबा बांधावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पावनं, वापसा आल्याबिगर रानात कुणी जातंय व्हय?" आणि हातातलं खुरपं त्यांनी माझ्यापुढे धरलं. वापसा म्हणजे पावसानंतर रान औत घालण्याइतपत सुकणं.

मला बाइकची बऱ्यापैकी माहिती होती, मातीची नव्हती. आपण व्हिडिओ बघतो लडाख-स्पितीचे आणि गाडी चालवतो भीमा-सीनेच्या काठाला. इथली जमीन वेगळी, ऊन वेगळं, आणि रस्त्यावर समोरून येणारी वाहनंही वेगळी. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत जे नव्याने अ‍ॅडव्हेंचर बाइक, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी गाडी घेताहेत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. बाइक निवडताना वजनाकडे आधी बघा

शोरूममध्ये सगळे आधी सीसी विचारतात. तुम्ही आधी वजन विचारा. हिरोची एक्सपल्स २०० साधारण १५८ किलोची आहे. हिमालयन ४११ चं बीएस-६ मॉडेल १९९ किलोचं आणि नवी हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची. हा चाळीस किलोंचा फरक डांबरावर जाणवतही नाही. भर उन्हात, एकटे असताना, ओढ्याच्या काठावर पडलेली गाडी उचलायची वेळ आली की तो चांगलाच कळतो. रानवाटा शिकणं हाच मुख्य हेतू असेल तर पहिली बाइक हलकी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पुणे-हैदराबादच्या फेऱ्या जास्त आणि कच्चा रस्ता अधूनमधून असेल, तर जड गाडी हायवेला जास्त स्थिर वाटते.

दुसरी गोष्ट चाकांची. २१ इंची पुढचं स्पोकचं चाक खड्ड्यांवरून सहज चढतं, पण बहुतेक वेळा त्यात ट्यूब असते. १९ इंची अलॉयमध्ये ट्यूबलेस टायर मिळतो. तो पंक्चरला सोपा, पण दगडावर जोरात आदळला तर रिम वाकते किंवा तडकते.

जुनी गाडी घेत असाल तर खाली वाका आणि इंजिनखालची पत्र्याची ढाल बघा. ती चेपलेली असेल तर गाडी दगडांवर आपटली आहे, मालक काहीही म्हणोत. पुढचे शॉकअप दाबून बघा, नळीवर तेलाचं कडं उमटलं तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध कुठे अडकल्यासारखं झालं तर हेड बेअरिंग, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलावं लागणार, हे धरून किंमत ठरवा.

२. कागदपत्रं

- गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स. मोपेडच्या लायसन्सवर ही गाडी चालवता येत नाही.
- आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत कायद्याने चालते. तरी एक छापील प्रत सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण रानात मोबाइलची बॅटरी संपते.
- जुनी गाडी असेल तर नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "नंतर देतो" म्हणणाऱ्या माणसाला मी दोन महिने फोन केलेत.
- गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का ते बघा.

विम्यात इंजिन संरक्षणाचा भाग आहे का, हे जरूर विचारा. पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही तिथेच पुन्हा स्टार्ट मारला, तर आत पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत असा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

३. सोबत काय घ्यायचं

- हेल्मेट, आयएसआय शिक्क्याचं. घोट्याच्या वर जाणारे बूट, हातमोजे, गुडघ्याचे गार्ड. खर्चात काटछाट करायची असेल तर ती बाइकच्या दिव्यांवर आणि पेट्यांवर करा, बुटांवर नको. पडल्यावर गाडीखाली आधी पाय सापडतो.
- पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब. ही आपल्याकडे गावोगावच्या पंक्चरच्या दुकानात मिळत नाही, आणि नवखे इथेच फसतात. पुढची ट्यूब अडीअडचणीला मागच्या चाकातही घालता येते, म्हणून एकच न्यायची झाली तर पुढची न्या.
- टायर उचकटायच्या लांब पट्ट्या, ज्यांना पंक्चरवाले टामी म्हणतात. तीन असल्या तर बरं.
- दोन्ही चाकांच्या अ‍ॅक्सलचे नट खोलणारे पाने. गाडीसोबत मिळणारे पाने घरीच एकदा लावून बघा. पुष्कळदा नट इतका घट्ट असतो की छोट्या पान्याला दाद देत नाही.
- हवेचा छोटा पंप, हवा मोजायचं गेज, अ‍ॅलन चाव्या, तार, झिप टाय, क्लचची जादा केबल.
- एक जुनं सुती फडकं. ते कशाला, ते पुढे सांगतो.
- पाणी माणशी किमान तीन लिटर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्ही दोन-दोन दिवस खराब होत नाहीत.

आणि खुरपं. टॅंकबॅगमध्ये छोटं खुरपं मी तेव्हापासून कायम ठेवतो.

४. निघण्याआधीची दहा मिनिटं

चेनपासून सुरुवात करा. एकदा सर्व्हिसिंगहून गाडी आली ती चेन ताणून, तारेसारखी टणक. मला वाटलं, छान घट्ट केलीय. मी गाडीवर बसलो आणि मागचा शॉकअप दबला की ती चेन आणखी ताणली जात होती. दीड हजार किलोमीटरमध्ये पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे, दाते एका बाजूला झुकले. चेनला ढील लागतेच. किती, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलीमीटरमध्ये लिहिलेलं असतं. मोजताना चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. दर पाचशे किलोमीटरला रॉकेल किंवा चेन क्लीनरने पुसून वंगण लावा, धुळीचा पल्ला झाला असेल तर त्याच दिवशी. पेट्रोलने धुऊ नका, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. वंगण रात्री लावा आणि सकाळी जादाचं पुसून टाका. ओल्या चेनवर फुफाटा बसला की त्याची कानसच होते.

हवा गाडी थंड असतानाच मोजा. उन्हात दहा किलोमीटर पळालेल्या टायरमधला आकडा खोटा असतो.

मग स्पोक. एक पाना घ्या आणि चाक हळूहळू फिरवत प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारत जा. ताणलेला स्पोक टण् वाजतो, ढिला थप् करतो. कान दोन-तीन वेळात तयार होतो. ढिला स्पोक सापडला तर स्वतः आवळत बसू नका, रिम वाकडी होते. ज्याच्याकडे चाक सेंटर करायचा स्टँड आहे अशा मेकॅनिककडे जा. नव्या गाडीचे स्पोक पहिल्या हजार किलोमीटरमध्ये बसतात, तेव्हा एकदा हे करून घ्याच.

ब्रेक पॅड, तेलाची पातळी, दिवे, क्लचची ढील हे तर पाहायचंच.

५. जमीन ओळखायला शिका

मुरूम हा शिकायला सगळ्यात चांगला. लालसर, खरबरीत, पाणी धरत नाही, पाऊस थांबल्यावर काही तासांत चालायला तयार. पहिले दोन महिने मुरमाबाहेर जाऊ नका. धोका फक्त वळणावर. तिथे वरचे सुटे खडे चाकाखाली मण्यांसारखे घरंगळतात, म्हणून वेग वळणाआधीच कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी.

काळी माती कोरडी असेल तर उत्तम, ओली असेल तर जाऊच नका. कपाशीची ही काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि चाकाला थर धरते. टायर कितीही गाठींचा असो, पहिल्या वीस फुटांत गाठी भरतात आणि तो गुळगुळीत होतो. शेतकरी पाऊस पडल्यावर लगेच औत घालत नाही, वापशाची वाट बघतो. तेच परिमाण आपणही वापरायचं. मूठभर माती घेऊन दाबा. लाडू वळला आणि हाताला चिकटून राहिला, तर परत फिरा. दाबून सोडल्यावर लाडू बोटाने फुटला, तर वापसा आलाय. तलावाच्या पाणी ओसरलेल्या काठावर मात्र ही परीक्षाही फसवते. वरून वाळलेला पापुद्रा असतो आणि खाली लोणी. हिप्परगा तलावाच्या कडेला असं पोटापर्यंत रुतलेलं वाहन ट्रॅक्टरने ओढताना मी पाहिलंय.

उन्हाळ्यात त्याच काळ्या वाटेचा फुफाटा होतो. पिठासारखी धूळ, घोटाभर खोल, आणि तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी वाळून दगड झालेली असते आणि वरून फुफाट्याने झाकलेली. चाक चाकोरीत पडलं की ते बाहेर काढायची घाई करू नका. हँडल वळवलंत तर चाक कडेला घासून तुम्हाला फेकतं. चाकोरीतच, दूर नजर ठेवून, हलकी रेस कायम ठेवून चला आणि जिथे कड उथळ होईल तिथे बाहेर या. ग्रुपमध्ये असाल तर पुढच्याची धूळ खाली बसेपर्यंत थांबा. या धुळीत एअर फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरातच भरतो. कागदी फिल्टरला हवा मारायची ती आतून बाहेर, आणि कमी दाबाने.

वाळूत गाडी वळवळणारच, तिला वळवळू द्या. वजन थोडं मागे, रेस सोडायची नाही.

ओढा लागला तर आधी पायी उतरून पलीकडे जाऊन या. पाणी चाकाच्या आसापेक्षा वर असेल तर दुसरा रस्ता शोधा. उतरायचं तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच गतीने, मध्ये क्लच न दाबता. पण फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर एक वीतभर असलं तरी जाऊ नका. उजनी धरणातून पाणी सोडलं की इथे आभाळ निरभ्र असतानाही भीमा चढते. वाहत्या पाण्याखाली फरशी जागेवर आहे की नाही, हे काठावरून कुणालाच सांगता येत नाही.

आणि काटे. वेड्या बाभळीची कुंपणं तोडून वाटेवर टाकलेली असतात. पंक्चर काढताना ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून ते सुती फडकं गोल फिरवा. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहिलेलं असतं, बोटाला लागत नाही, पण फडक्याचा धागा त्याला अडकतो. मी हे केलं नव्हतं, आणि नवी ट्यूब चार किलोमीटरवर बसली. कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी करायची पद्धत आहे. पण ट्यूबच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआयहून जास्त कमी करू नका, रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते. डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा.

६. उभं राहणं, ब्रेक आणि पडणं

कच्च्या रस्त्यावर फूटरेस्टवर उभे राहा. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला हलके चिकटलेले, कोपरं बाहेर, हँडल सैल धरलेलं. धक्के पाय झेलतात, आणि गाडी तुमच्याखाली हलायला मोकळी राहते. हात भरून येत असतील तर समजा की तुम्ही हँडलला लोंबकळताय. नजर समोरच्या दगडावर नको, दगडाशेजारच्या वाटेवर हवी. गाडी नजरेमागे जाते.

ब्रेकचा सराव एखाद्या मोकळ्या मुरमाड मैदानात वेगळा करा. विशीच्या वेगात नुसता मागचा दाबून चाक घसरू द्या, त्याची भीती जाऊ दे. मग पुढचा, दोन बोटांनी, हळूहळू वाढवत. गाडीत मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर ती उतारावरच्या सुट्या मुरमासाठी. डांबरावर आल्यावर तो चालू झालाय का, हे डिस्प्लेवर बघितल्याशिवाय वेग घेऊ नका.

गाडी पडणार आहे. पडली की आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण, मग स्वतःचे हातपाय बघा, पेट्रोल गळतंय का बघा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उभी करताना पलीकडे जाते. गिअरमध्ये टाका, हँडल पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेका, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची कड धरा आणि पायांच्या जोराने छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. पाठ वाकवून उचलायला जाऊ नका. घरच्या अंगणात जुनी सोलापुरी चादर अंथरून त्यावर गाडी आडवी करा आणि हे दोनदा करून बघा.

७. डांबर म्हणजे सुटका नव्हे

दिवाळीनंतर मार्चपर्यंत कारखाने चालू असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याविना चालतात, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. या दिवसांत अंधार पडल्यावर मी तालुक्याच्या रस्त्यांवर गाडी काढत नाही. सकाळीही रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली बेलण्यासारखा फिरतो.

सुगीत गावाजवळच्या रस्त्यांवर खळी मांडलेली असतात. तुरीचं काड गाडीच्या पोटात अडकून तापलेल्या सायलेन्सरच्या बेंडला लागतं आणि पेट घेऊ शकतं. काडावरून गेलात तर पुढे थांबून खाली वाकून बघा, असेल ते ओढून काढा.

आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते वारकऱ्यांचे असतात. तेव्हा त्या दिशेला जायचं ते पायी.

अडचणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

८. ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीच्या वर जातो. साडेपाचला निघा, साडेनऊला घरी या. टॉवेल ओला करून मानेभोवती, जॅकेटच्या आत गुंडाळा. चालत्या गाडीच्या वाऱ्याने तो अर्धा-पाऊण तास थंडावा देतो. उन्हामुळे जॅकेट काढून शर्टावर चालवू नका. घाम यायचा थांबला, डोकं जड झालं, की लगेच सावली शोधा आणि १०८ ला फोन करा.

९. कुठे जायचं, कुठे नाही

पहिल्या पल्ल्याला मी हत्तरसंग कुडलला जा असं सांगेन. भीमा आणि सीनेचा संगम, शहरापासून जाऊन-येऊन सकाळभराचं अंतर, बहुतेक रस्ता पक्का आणि शेवटी थोडा कच्चा. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हेल्मेट काढून शांतपणे बघण्यासारखी जागा आहे. पुढे आत्मविश्वास आला की हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग. किल्ल्यात पावसाळ्यानंतर बोरी नदीचं पाणी पाणीमहालावरून पडतं.

नान्नजच्या माळावर मात्र गाडी रस्ता सोडून नेऊ नका. ते १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, गवतात. टिटवी, चंडोल हेही जमिनीवरच अंडी घालतात. आता माळढोक जवळपास दिसेनासा झालाय. बाकीचे पक्षी, काळवीट आणि लांडगे अजून आहेत. आपल्याला जो मोकळा माळ वाटतो तिथे कुणाचं तरी घरटं चाकाच्या रेषेत असतं. तीच गोष्ट बांधांची. ज्वारीच्या रानातून शॉर्टकट दिसला तरी मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका. विचारलंत तर बहुतेक वेळा वाट आणि पाणी दोन्ही मिळतं.

१०. घरी आल्यावर

काळी माती त्याच दिवशी धुवा. रात्रभर राहिली तर सिमेंट होते, रेडिएटरच्या किंवा इंजिनच्या पात्यांमध्ये अडकून उष्णता कोंडते आणि चेनच्या कडीकडीत शिरते. इंजिन थंड झाल्यावर साध्या नळीने, आधी भिजवून, मग मऊ ब्रशने. प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, हेड बेअरिंगवर आणि वायरींच्या जोडांवर धरू नका. आतलं ग्रीस निघून जातं आणि महिन्याभराने पुढून कटकट आवाज येऊ लागतो. धुऊन झालं की दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ब्रेक आणि चेन सुकतात. मग चेनला वंगण, आणि स्पोकवर पुन्हा एकदा पाना. सकाळी टण् वाजणारा एखादा संध्याकाळी थप् वाजला तर त्याला लगेच रंगीत चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेल्यावर छत्तीसातला तो कोणता, हे आठवत नाही.